धिप्पाड पायलटांनो, ग्लायडर निवडताना या चुका टाळा

नांदेड-परभणीकडून ग्लायडिंग, म्हणजे बिनइंजिनाचं विमान उडवणं, शिकायचं म्हटलं की पुण्याचं हडपसर गाठावं लागतं. रात्रभर प्रवास करून गेल्यावर "तुमचं वजन बसत नाही" हे ऐकायची वेळ येऊ नये, म्हणून हे लिहितोय. उंची सहा फुटांच्या वर आणि वजन शंभरीच्या आसपास असेल, तर ग्लाइड रेशोचे (किती उंचीत किती लांब तरंगतं याचे) आकडे नंतर बघा. आधी कॉकपिट.

घरच्या काट्यावर विसंबणं

सकाळी अनशापोटी केलेलं वजन इथं कामाचं नाही. कॉकपिटमधल्या पाटीवरच्या मर्यादेत कपडे, बूट आणि पॅराशूटही धरलेलं असतं, आणि पॅराशूटच सहा-सात किलोचं. एएसके २१ या दोन सीटच्या ग्लायडरला एका सीटवर ११० किलोची मर्यादा आहे. म्हणजे १०४ किलोचा गडी तिथंच काठावर आला. मोंढ्यात ओळखीच्या आडत्याकडं जा, बूट घालून, पाठीला सात किलोची पिशवी लावून काट्यावर उभे राहा. तो आकडा खरा.

माहितीपत्रकातला आकडाही शेवटचा नसतो. दुरुस्ती, नवा रंग, जादा उपकरणं यांनी ग्लायडरचं रिकामं वजन वाढतं आणि तेवढं तुमच्या वाट्यातून कमी होतं. ज्यात बसणार, त्याच ग्लायडरचा वजनाचा तक्ता मागा.

"पाणी भरणार नाही, मग चालेल"

हा हिशेब मी फार ऐकतो, आणि तो धोक्याचा आहे. जास्त वेग मिळावा म्हणून काही ग्लायडरच्या पंखात पाणी भरतात; ते पंख जागच्या जागी उचलतो. तुमचा भार मात्र पंखाच्या मुळाशी येतो आणि तिथला मुख्य स्पार (पंखाचा आतला कणा) वाकवतो. म्हणून पंख सोडून बाकी सगळ्या भागांच्या वजनाला वेगळी मर्यादा दिलेली असते. पाणी न भरून ती वाढत नाही.

जड माणूस पुढं बसला की नाकही जड होतं. उतरताना स्टिक (हातातली नियंत्रण दांडी) पूर्ण मागं ओढूनही नाक पुरेसं उचलत नाही, अशी वेळ येऊ शकते. काही जण शेपटीत शिसं टाकतात. मॅन्युअलात सांगितलं असेल तेवढंच, आणि इंजिनिअरच्याच हातून टाकावं. ते तसंच राहिलं आणि पुढच्या फेरीला साठ किलोचं पोरगं बसलं, तर ग्लायडर सहज स्पिनमध्ये (गरगरत खाली पडण्यात) जाईल आणि बाहेर काढणं अवघड होईल.

दोन मिनिटं बसून उठणं

पॅराशूट चढवा, पट्टे आवळा, कॅनोपी (कॉकपिटचं पारदर्शक झाकण) लॉक करा आणि अर्धा तास बसा. टाळू आणि कॅनोपीत मूठभर जागा राहिली पाहिजे. वैशाखातल्या थर्मलचा (वर चढणाऱ्या गरम हवेचा) हिसका बसला की डोकं वर आदळतं. मग स्टिक चारही कोपऱ्यांत न्या. पूर्ण मागं नेऊन आडवी करताना मांडीला अडते का? पूर्ण रडर (पायानं चालणारं शेपटीचं सुकाणू) देताना गुडघा पॅनेलला लागतो का? एअरब्रेकची (उतरताना पंखावर उघडणाऱ्या फळ्यांची) दांडी शेवटपर्यंत ओढताना कोपर मागं ठेकतं का? यातलं एक जरी अडलं, तर ते ग्लायडर तुमचं नाही, कितीही मनात भरलं असलं तरी.

डोक्याला जागा व्हावी म्हणून सीटवरची धक्का झेलणारी फोमची गादी काढून टाकणं तर नकोच नको. आदळलं तर मणक्याला तिचाच आधार असतो. बूट पातळ तळव्याचे घ्या.

जुनं ग्लायडर घेणार असाल तर नावापुढचं अक्षर वाचा. डिस्कस आणि व्हेंटस या ग्लायडरांमध्ये 'ए'चं कॉकपिट अरुंद, 'बी'चं मोठं. ग्रोब अॅस्टिर सीएस अंगापिंडानं मोठ्या माणसाला ऐसपैस पडतं.

उन्हाळा विसरणं

आपल्या भागात कुणी ग्लायडर आणायच्या बेतात असेल, तर हे धरून चाला: संभाजीनगरच्या उंचीवर ४२ अंशांना हवा साधारण १७०० मीटरवरच्या प्रमाण हवेइतकी विरळ असते. टो (ग्लायडर ओढून वर नेणं) लांबतो, उतरल्यावरची धावही लांबते. त्यात एकूण वजन १० टक्क्यांनी वाढलं की स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख उचलायचे थांबतात तो, ५ टक्क्यांनी चढतो.

शिकताना इन्स्ट्रक्टरही भरभक्कम असेल तर दोघांची बेरीज करा. दोन्ही सीट मर्यादेत असूनही एकूण वजन वर जाऊ शकतं. तसं होत असेल तर हलका इन्स्ट्रक्टर कोणत्या दिवशी आहे ते फोनवर विचारून मगच तिकीट काढा.