टॉवर नसलेल्या छोट्या विमानतळावर विमान सुरक्षितपणे कसे चालवावे

नगरपालिकेच्या छोट्या विमानतळावर बहुधा एकच धावपट्टी असते, एक विंडसॉक, काही हँगर आणि इंधनाचा एखादा पंप. कंट्रोल टॉवर नसतो. परवानगी देणारा कोणी नसतो, तसा चूक होताना अडवणाराही नसतो. अशा ठिकाणी सगळी सुरक्षितता एकाच गोष्टीवर टिकून असते: तुमचे विमान पुढच्या मिनिटाला कुठे असेल, हे बाकीच्यांना न विचारता कळले पाहिजे. पुढचे आकडे एका पिस्टन इंजिनाच्या लहान विमानांचे आहेत. तुमच्या विमानाचे हँडबुक किंवा त्या विमानतळाचे छापील नियम वेगळे काही सांगत असतील, तर तेच पाळा.

प्रॉपेलर आणि इंधन

थांबलेला प्रॉपेलरही कधीही फिरेल असे धरूनच त्याच्याजवळ जा. मॅग्नेटोला, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्राला, बॅटरी लागत नाही. किल्ली ‘ऑफ’वर नेली की एका वायरमार्फत त्याची वीज विमानाच्या सांगाड्यात वळते आणि तो गप्प बसतो. ती वायर, म्हणजे पी-लीड, तुटलेली असेल तर किल्ली खिशात असतानाही मॅग्नेटो चालूच राहतो. मग पाते हाताने जरासे ढकलले, तरी सिलिंडरमध्ये उरलेले मिश्रण पेटून प्रॉपेलर फटका मारू शकतो. हे तपासायला मिनिटही लागत नाही. इंजिन बंद करण्याआधी, ते आयडलवर (सर्वांत कमी वेगात) असताना, किल्ली क्षणभर ‘ऑफ’वर नेऊन परत आणा. इंजिन मरायला लागले तर वायर ठीक आहे. ते तसेच चालत राहिले, तर प्रॉपेलरवर ठळक पाटी लावा आणि मेकॅनिकला बोलवा.

स्टार्ट करताना बीकन (लुकलुकणारा इशारा-दिवा) लावा, खिडकी उघडून मोठ्याने ‘क्लिअर प्रॉप’ म्हणा आणि मग थांबा. हाक आणि स्टार्टर यांत अंतर नसेल, तर ती हाक ऐकून कोणाला बाजूला होता येणार नाही. शेपटीमागेही पाहा. उघड्या हँगरकडे किंवा दुसऱ्या विमानाकडे पाठ असेल, तर विमान आधी हाताने वळवून घ्या. इंजिन चालू असताना कोणालाही चढवू किंवा उतरवू नका. ‘एकच मिनिट’ म्हणून केलेली ही सवलत सर्वांत महाग पडते. हाताने प्रॉपेलर फिरवून स्टार्ट करायची वेळ आली, तर चाकांना चॉक (अडसर), शेपटीला दोर आणि आत ब्रेक दाबून बसलेला जाणता माणूस, ही तिन्ही हवीतच. एकट्याने हे करू नये.

इंधनाच्या बाबतीत धोके दोन: चुकीचे इंधन आणि पाणी. 100 एलएल ॲव्हगॅस (पिस्टन इंजिनाचे पेट्रोल) निळे असते, जेट ए (जेट इंजिनाचे इंधन) रंगहीन किंवा फिकट पिवळसर. पिस्टन इंजिनात जेट इंधन गेले तर टॅक्सी करताना काही जाणवत नाही, कारण नळ्यांमध्ये आधीचे चांगले इंधन असते. टेकऑफच्या पूर्ण पॉवरवर मात्र डेटोनेशन (इंधनाचा अवेळी स्फोट) होऊन इंजिन फुटते. दोन्ही मिसळली असतील तर निळा रंग फिका पडतो, पण डोळ्यांना तो फरक नेहमी कळत नाही. शंका असेल तर एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका. ॲव्हगॅस पूर्ण उडून जाते. जेट इंधनाचा तेलकट डाग मागे राहतो. भरताना स्वतः उभे राहा, नोझल टाकीला लावण्याआधी बाँडिंगची (स्थिर विजेची ठिणगी टाळणारी) वायर जोडा आणि शेवटी झाकण स्वतःच्या हाताने घट्ट करा.

दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी आणि प्रत्येक वेळी इंधन भरल्यावर सगळ्या ड्रेनमधून (इंधन काढायच्या तळच्या नळांमधून) नमुना काढा. भरल्याबरोबर लगेच काढू नका, पाणी तळाशी बसायला वेळ द्या. पेला उजेडात धरून बघा: पाण्याचा थर किंवा गोळे खाली दिसतात. पेल्यात नुसतेच पाणी आले असेल तर थरांची रेघ दिसणार नाही, म्हणून रंग आणि वासही पाहायचा. टाकीत किती इंधन आहे ते डिपस्टिकने मोजा. गेजवर भरवसा ठेवून निघू नका.

धावपट्टी निवडणे आणि ती पुरते का हे पाहणे

धावपट्टीचा क्रमांक म्हणजे तिची चुंबकीय दिशा, 10 अंशांच्या जवळच्या पटीत: 27 म्हणजे साधारण 270 अंश, आणि तिचे दुसरे टोक 09. विंडसॉकचे रुंद तोंड ज्या बाजूला, तिकडून वारा येतो. त्या दिशेला नाक ठेवूनच निघायचे आणि उतरायचे. प्रमाणित विंडसॉक साधारण 15 नॉटला (ताशी सुमारे 28 किमी) पूर्ण आडवा होतो. वारा अगदीच पडला असेल तर त्या विमानतळाची ठरलेली ‘काम विंड’ (शांत हवेची) धावपट्टी वापरा, आणि सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या चौकोनी फेरीत) आधीच कोणी असेल तर ते ज्या टोकाने चालले आहेत तेच टोक घ्या. टॅक्सी वाचवायला वाऱ्याच्या पाठीने निघणे चुकीचे. टेकऑफच्या वेगाच्या 10 टक्के एवढा टेलविंड असेल, तर जमिनीवरची धाव सुमारे 21 टक्के वाढते.

बाजूचा वारा किती लागेल याचा हिशेब डोक्यात करता येतो. धावपट्टीशी 30 अंशांचा वारा असेल तर त्याच्या वेगाचा अर्धा भाग आडवा लागतो, 45 अंशांना 0.7 पट, 60 अंशांच्या पुढे जवळजवळ सगळाच.

उष्ण दिवशी लांबीचे गणित पूर्ण बदलते. प्रमाणित तापमान समुद्रसपाटीला 15 अंश सेल्सिअस, आणि दर 1000 फुटांना 2 अंश कमी. त्यापेक्षा हवा जितके अंश जास्त गरम, तितके गुणिले 120 फूट हे प्रेशर अल्टिट्यूडमध्ये (हवेच्या दाबावरून काढलेल्या उंचीत) मिळवले की डेन्सिटी अल्टिट्यूड (विमानाला जाणवणारी उंची) मिळते. समजा प्रेशर अल्टिट्यूड 2000 फूट आणि तापमान 38 अंश आहे. तिथले प्रमाणित तापमान 11, फरक 27, म्हणून 3240 फूट वाढले. विमान सुमारे 5240 फुटांवर असल्यासारखे वागेल. टर्बो नसलेले इंजिन दर 1000 फुटांना साधारण 3 टक्के शक्ती गमावते. इथे 15 टक्क्यांच्या आसपास शक्ती जाते आणि पंखाखालची हवाही विरळ असते.

हँडबुकमधले अंतर नव्या विमानाचे आणि कसलेल्या टेस्ट पायलटचे असते. त्यावर परिस्थितीची वाढ धरा (कोरड्या आखूड गवताला टेकऑफसाठी सुमारे 20 टक्के, ओल्याला 30) आणि मग टेकऑफला 1.33 ने, लँडिंगला 1.43 ने गुणा. एवढे करूनही पुरत असेल तरच निघा. धावपट्टीच्या मध्यावर एखादी ठळक खूण धरून ठेवा. तिथपर्यंत उड्डाणाच्या वेगाचा 70 टक्के वेग आला नसेल, तर थ्रॉटल मागे आणि ब्रेक. हा निर्णय धावायला लागण्यापूर्वीच झालेला असावा.

टॅक्सी आणि होल्डिंग पॉइंट

भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने टॅक्सी करा. वारा पुढून-डावीकडून असेल तर कंट्रोल डावीकडे, म्हणजे वाऱ्याकडे, आणि एलिव्हेटर (शेपटीची वर-खाली हलणारी फळी) मध्यावर. वारा मागून-डावीकडून असेल तर कंट्रोल उजवीकडे आणि पुढे ढकललेला. उंच पंखाच्या हलक्या विमानाला मागून येणारा तिरपा वारा सर्वांत वाईट, कारण तो पंख आणि शेपटी दोन्ही उचलतो.

मॅग्नेटो, कार्ब्युरेटर हीट (बर्फ टाळणारी गरम हवा), ट्रिम, इंधनाचा कॉक हे सगळे होल्डिंग पॉइंटच्या, म्हणजे धावपट्टीआधीच्या थांबायच्या रेषेच्या, आधीच उरका. धावपट्टीवर येऊन थांबू नका. टॉवरच्या विमानतळावरची ‘लाइन अप अँड वेट’ची (धावपट्टीवर जाऊन थांबण्याची) सवय इथे धोक्याची ठरते. पाठीमागे फायनल, म्हणजे उतरणाऱ्या विमानाची शेवटची सरळ वाट, असते, ती तुम्हाला दिसत नाही, आणि तिच्यावरच्या विमानाला तुम्ही धावपट्टीच्या रंगात मिसळून गेलेले असता. होल्डिंग पॉइंटवर नाक फायनलकडे तिरपे वळवा, बेस (सर्किटची फायनलआधीची आडवी बाजू) आणि फायनल दोन्ही पाहा, विरुद्ध टोकही पाहा (तिकडूनही कोणी निघालेला असू शकतो), कॉल द्या आणि मग न रेंगाळता धावपट्टीवर जाऊन निघा.

सर्किट आणि रेडिओ

सर्वसाधारण सर्किट जमिनीपासून 1000 फुटांवर, डावी वळणे घेत, धावपट्टीपासून अर्धा ते एक मैल दूर असते. डावीकडे यासाठी, की कॅप्टन डाव्या सीटवर बसतो आणि धावपट्टी त्याच्या नजरेत राहते. उजवे सर्किट छापील माहितीत दिलेले असते किंवा सिग्नल सर्कलमध्ये (जमिनीवरच्या खुणांच्या वर्तुळात) दाखवलेले असते, ते निघण्याआधीच बघून ठेवा. बाहेरून येताना सर्किटच्या उंचीवर आधीच स्थिर व्हा आणि डाउनविंडच्या (धावपट्टीला समांतर, वाऱ्याच्या पाठीने जाणाऱ्या बाजूच्या) मध्याला 45 अंशांनी मिळा, किंवा तिथल्या देशाची जी पद्धत असेल तसे. वरून खाली उतरत सर्किटमध्ये कधीही शिरू नका. पोटाखालचे विमान तुम्हाला दिसत नाही आणि त्याला तुम्ही दिसत नाही.

पहिला कॉल सुमारे 10 मैलांवर द्या. मग डाउनविंड, बेस, फायनल आणि धावपट्टी मोकळी केल्यावर. कॉलचा साचा साधा आहे: विमानतळाचे नाव, तुम्ही कोण, कुठे, काय करणार, आणि पुन्हा विमानतळाचे नाव. ‘अमुक ट्रॅफिक, सेसना वन टू थ्री, लेफ्ट डाउनविंड, रनवे टू सेव्हन, फुल स्टॉप, अमुक ट्रॅफिक.’ नाव दोनदा, कारण एकाच फ्रिक्वेन्सीवर आसपासचे अनेक विमानतळ बोलत असतात आणि पहिला शब्द बऱ्याचदा कापला जातो. विमानाचा रंग सांगितला तर शोधणाऱ्याला मदत होते. स्थानिकांनाच माहीत असलेल्या खुणा सांगू नका. ‘चार मैल पूर्वेला, दीड हजार फूट’ हे परक्यालाही कळते. ‘एनी ट्रॅफिक प्लीज ॲडव्हाइज’ (कोणी असेल तर सांगा) म्हणू नका. फ्रिक्वेन्सीवर असलेले सगळे एकदम उत्तर देतात आणि कोणाचेच ऐकू येत नाही.

हे सगळे केले तरी रेडिओ म्हणजे परवानगी नाही. काही विमानांत रेडिओ नसतो, काहींचा चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर असतो. हवेतल्या टकरी बहुतेक स्वच्छ दिवसाउजेडी, विमानतळाच्या जवळ होतात, आणि फायनल हा त्यातला सर्वांत अरुंद भाग आहे. खालच्या पंखाचे विमान वर आणि उंच पंखाचे त्याच्या बरोबर खाली आले, तर दोघांनाही एकमेकांचा पत्ता लागत नाही. म्हणून बेसवरून वळण्याआधी फायनलच्या रेषेवर लांबपर्यंत नजर टाका, वर आणि खाली दोन्हीकडे.

वाट कोणाची हे ठरलेले आहे. संकटातले विमान सर्वांआधी. इंजिन असलेल्याने ग्लायडर आणि बलूनला वाट द्यायची. समोरासमोर आलात तर दोघांनी उजवीकडे वळायचे. एका पातळीवर वाटा छेदत असतील तर उजवीकडच्याचा हक्क. फायनलवर खालच्या उंचीचा आधी उतरतो, पण त्या नियमाचा फायदा घेऊन कोणाच्या पुढे घुसायचे नाही. हेलिकॉप्टर विमानांच्या रहदारीपासून बाजूला राहते. ते हॉवर करत असेल तर त्याच्यापासून निदान तीन रोटर-व्यास दूर राहा.

घात होतो ती दोन वळणे

पहिले बेस ते फायनल. बेसवर मागून वारा असला की धावपट्टीची रेषा ओलांडली जाते. मग पायलट वळण आवळतो, बँक (पंखांचा कल) वाढवायला घाबरतो आणि रडरने (शेपटीच्या उभ्या फळीने) नाक आत ढकलतो. वेग कमी, रडर जास्त, उंची काहीशे फूट: स्पिनला (गिरक्या घेत कोसळण्याला) याहून वेगळे काही लागत नाही. पातळी राखून 30 अंशांच्या बँकला स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमान उचलून धरत नाहीत) 7 टक्के वाढतो, 45 ला 19 टक्के, 60 ला 41 टक्के. सर्किटमध्ये 30 ही मर्यादा धरा. रेषा हुकली तर गो-अराउंड करा, म्हणजे न उतरता पुन्हा वर जा, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. पूर्ण पॉवर, कार्ब हीट बंद, नाक वर, फ्लॅप (पंखामागच्या फळ्या) टप्प्याटप्प्याने वर, मग कॉल. उतरताना कार्ब हीट लावायला मात्र विसरू नका. दमट हवेत बाहेर 20 अंश असतानाही कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो.

दुसरे, टेकऑफनंतर इंजिन बंद पडले असता मागे फिरण्याचे. निघाल्या रेषेवर परत यायला 180 अंशांहून बरेच जास्त वळावे लागते, वर वारा पाठीमागून येतो. कमी उंचीवर उपाय एकच: नाक लगेच खाली, ग्लाइडचा (इंजिनाविना तरंगण्याचा) वेग, आणि समोर सुमारे 30 अंशांच्या आत जी मोकळी जागा दिसेल ती घ्यायची. कितव्या फुटाखाली वळायचे नाही, हा आकडा प्रत्येक टेकऑफआधी मोठ्याने म्हणा. वेळ मिळाला तर ट्रान्सपाँडरवर (रडारला उत्तर देणाऱ्या यंत्रावर) 7700 हा संकटाचा कोड.

उतरल्यावर

धावपट्टी पूर्ण ओलांडून होल्डिंगच्या रेषेपलीकडे गेल्यावरच थांबा आणि फ्लॅप उचला. रेडिओ बंद करण्याआधी क्षणभर 121.5 ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी ऐका: जोराच्या लँडिंगने ईएलटी (अपघाताचा इशारा देणारा ट्रान्समीटर) सुरू झाला असेल तर तिथे कळेल, आणि विनाकारण शोधमोहीम निघणार नाही. फ्लाइट प्लॅन दिला असेल तर तो बंद करा. मग मिक्स्चर (इंधन-हवेचा लिव्हर), मॅग्नेटो, मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद, किल्ली बाहेर. विमान बांधताना दोन्ही पंख आणि शेपटी असे तीन दोर साधारण 45 अंशांत लावा, आणि दोराला इंचभर ढील ठेवा. काथ्यासारखे नैसर्गिक दोर भिजले की आकसतात, आणि ताणून बांधलेले असतील तर पंखाच्या सांगाड्यावर जोर येतो. कंट्रोल लॉक आणि पिटोचे (वेग मोजणाऱ्या नळीचे) कव्हर लावले की काम झाले.