रोज पाच मिनिटं, दार लावून

आई अतिदक्षता विभागात होती. बाहेरच्या बाकड्यावर बसून मी डोळे मिटले आणि तोंडातून आपोआप निघालं, "हे दयाळू, कृपाळू स्वर्गीय पित्या, आजच्या या सुंदर दिवसासाठी आम्ही तुझे आभार मानतो." तिथंच अडखळले. सुंदर दिवस कसला? आणि 'आम्ही' म्हणजे कोण? बाकड्यावर तर मी एकटीच होते.

मी नगरची. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ वळत नाही. तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती, ३१ वर्षं स्टाफ नर्स. संडे स्कूलपासूनची वचनं पाठ, उपासनेतली गाणी पाठ. त्या दिवशी कळलं की प्रार्थनासुद्धा पाठच होती. गेल्या महिन्यात भाचीनं विचारलं, "मावशी, देवाशी नातं वाढव म्हणतात सगळे. पण सकाळी उठून नेमकं करायचं काय?" तिला जे सांगितलं तेच इथं लिहितेय.

आधी वेळ ठरवा, आणि ती थोडीच ठरवा. पहिल्याच दिवशी तासभर बसणारे आठवड्यात उठतात. पाच मिनिटं पुरे. रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाला ती वेळ बांधून टाका. माझी सकाळच्या चहाला बांधलेली आहे. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात येशू सांगतो की खोलीत जा, दार लावून घे आणि गुप्तवासी पित्याची प्रार्थना कर. आमच्या दोन खोल्यांच्या घरात दार लावलं की सासूबाई विचारायच्या, "बरं वाटत नाही का?" म्हणून मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसायचे. घरच्यांना आठवड्याभरात सवय झाली.

वेळ मिळत नाही म्हणणाऱ्यांनी मार्काच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाचावा. सूर्य मावळल्यावर सगळं गाव आजाऱ्यांना घेऊन दाराशी जमलंय आणि येशू बरं करतोय. ही ओपीडी किती रात्रीपर्यंत चालली असेल, ते मी नर्स म्हणून सांगू शकते. तरी दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच तो उठून एकांतात प्रार्थनेला जातो. तिथंही त्याचा शिष्य शिमोन शोधत येतोच, सगळे तुम्हाला शोधताहेत म्हणून. मला हे वाचून धीर येतो. प्रार्थनेत व्यत्यय येणं ही आपल्याच घरची तऱ्हा नाही.

आता बोलायचं काय? खरं तेच, आणि घरच्या भाषेत. ग्रांथिक मराठीत देव लवकर ऐकतो असं नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल साध्या मराठीत आणलं, ते साध्यासुध्या बायकांना वाचता यावं म्हणूनच. त्या १९२२ मध्ये गेल्या, आणि १९२४ मध्ये ते केडगावच्या मुक्ती मिशनमधून प्रसिद्ध झालं. (हे केडगाव दौंड तालुक्यातलं, आमच्या नगरजवळचं नव्हे.) शास्त्र साध्या भाषेत असावं म्हणून कुणी एवढा खटाटोप केलाय, आणि आपण मात्र "हे कृपासागरा" वर अडून बसतो.

तक्रारसुद्धा बोला. इथं आपले लोक बिचकतात. नवऱ्याच्या आजारपणात मला कोणी तरी म्हणालं, "विश्वास असला की असे प्रश्न पडत नाहीत." मी दोन महिने गप्प राहिले. मग बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडली. १५० स्तोत्रांत रडगाणी किती आहेत, मोजून बघा! तेरावं स्तोत्र अवघं सहा वचनांचं, पण पहिल्या दोन वचनांतच "कुठवर?" हा प्रश्न चारदा येतो. अठ्ठ्याऐंशीव्याच्या शेवटच्या ओळीत तर अंधारच आहे, खाली सांत्वनाची एक ओळ नाही. तरी ते शास्त्रात ठेवलंय. मी शंभर पानी वही आणली आणि तेरावं स्तोत्र हातानं उतरवलं. जिथं 'शत्रू' आला तिथं आजाराचं नाव घातलं. लिहिताना रडू आलं, राग आला, आणि देवाशी माझं पहिलं भांडण झालं. भांडायला लागलो म्हणजे समोर कोणी तरी आहे, एवढं तरी पटतंच.

पुढे नवरा गेला. प्रार्थनेनं तो बरा झाला अशी साक्ष माझ्याकडे नाही. ती वही आहे.

वाचायला मार्काचं शुभवर्तमान घ्या. सोळाच अध्याय आहेत. एका वेळी एकच प्रसंग वाचा, मोठ्यानं, आणि लगेच दुसऱ्यांदा. कुठल्या शब्दाला अडखळता ते बघा, त्या शब्दावर देवाशी बोला, मग दोन मिनिटं गप्प बसा. ही रीत मला वसईच्या एका कॅथलिक मैत्रिणीनं नर्सिंग हॉस्टेलमध्ये शिकवली. मूळ मठांतली आहे. वाचन, मनन, प्रार्थना, मौन अशा तिच्या चार पायऱ्या गिगो नावाच्या मठवासीयानं बाराव्या शतकात लिहून ठेवल्यात. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कोणी नाक मुरडलं तर मुरडू दे. दहाव्या अध्यायातला बार्तीमय घ्या. आंधळा भिकारी ओरडतोय, लोक दटावताहेत. येशू त्याला बोलावतो आणि विचारतो, मी तुझ्यासाठी काय करू? आंधळ्याला हे विचारायचं? मी हसले होते. मग आठवलं की बँडेज दिसत असलं तरी आम्हीही पेशंटला विचारतोच, काय होतंय? त्याला स्वतःच्या तोंडानं सांगू देतो. त्या दिवशी मौनात हा प्रश्न मला विचारला गेला आणि मला उत्तर सुचेना. आठवडाभर त्या एकाच ओळीवर होते.

रात्री झोपण्यापूर्वी हँडओव्हर द्या. ड्यूटी संपताना आम्ही पुढच्या सिस्टरला सांगतो की अमक्या बेडला ताप होता, तमक्याचं सलाइन संपत आलंय, एक औषध द्यायचं राहिलं. राहिलेलं लपवायचं नाही. तसंच देवाला सांगायचं. आज काय मिळालं, कुठं चुकले, काय अर्धवट राहिलं. मग वॉर्ड त्याच्या हाती आणि आपण घरी. इग्नेशियस लोयोला या कॅथलिक संतानं सोळाव्या शतकात असाच दिवसाचा झाडा घ्यायला शिकवलं, हे मला फार उशिरा कळलं.

एक कडू औषधही आहे. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी समेट कर, असं मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे. माझी आणि जावेची जमिनीच्या तुकड्यावरून चार वर्षं अबोला. रोजच्या हँडओव्हरमध्ये तिचं नाव येऊ लागलं, तेव्हा मी ते टाळायला लवकर झोपू लागले. शेवटी फोन केला. तिनं पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला आणि विचारलं, "कोण गेलं?"

उपास, बायबलचं ॲप, प्रार्थनेचे व्हॉट्सॲप ग्रुप हे सगळं ज्याला मानवेल त्यानं करावं. रविवारची उपासना आणि प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेणं) मात्र सोडू नये. एकट्यानं बसलं की आपण आपल्याच मनाला देव समजू लागतो. पण मंडळीचा विश्वास आपल्या खात्यावर जमा होत नाही, घरच्यांचाही नाही. आमच्या नगरचे नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई १९०० मध्ये. नवरा-बायको असून पाच वर्षांचं अंतर.

काहीच न वाटणारे दिवस येतील, महिनेही येतील. तेव्हा पाच मिनिटं वाढवू नका, कमीही करू नका. स्टुलावर जाऊन बसा.

परवा भाचीचा फोन आला. "मावशी, आज बसले. फक्त 'मला तुझा राग आलाय' एवढंच बोलले आणि गप्प राहिले."

"मग?"

"मग दूध उतू गेलं."

"उद्या आधी गॅस बंद कर," म्हटलं, "आणि तिथूनच पुढे बोल."