युरोपच्या ग्रुप टूरला निघताय? या चुका टाळा

गेली चौदा वर्षं मी मराठी मंडळींचे ग्रुप घेऊन युरोपला जाते आहे. एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत माझा मुक्काम बॅगेतच असतो. दर सहलीला चाळीस-पंचेचाळीस माणसं नवी, पण चुका त्याच. बहुतेकजण हा प्रवास आयुष्यात एकदाच करतात. कुणी ग्रॅच्युइटीचे पैसे घातलेले असतात, कुणाला मुलांनी साठीनिमित्त पाठवलेलं असतं. अशा माणसांचा एक अख्खा दिवस टाळता येण्यासारख्या चुकीपायी वाया गेला की मला त्या रात्री झोप लागत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

"पाचच मिनिटं गं!"

सहलीतली सगळ्यात महाग चूक ही आहे आणि ती करणाऱ्याला तिची किंमत कधीच कळत नाही, कारण ती दुसराच कुणीतरी भरतो.

युरोपात पर्यटक बसच्या डॅशबोर्डमध्ये टॅकोग्राफ नावाचं यंत्र असतं. ड्रायव्हर सकाळी त्यात आपलं कार्ड घालतो. तो किती वेळ गाडी चालवतो, किती थांबतो, सगळ्याची नोंद त्यात होते आणि रस्त्यात कुठेही पोलीस ती तपासू शकतात. युरोपियन युनियनच्या नियमाप्रमाणे ड्रायव्हरला दिवसाला 9 तास गाडी चालवता येते, आठवड्यातून दोनदा 10 तास. साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते. शिवाय रोज सलग 11 तासांची विश्रांती, तीही चोवीस तासांच्या आत बसली पाहिजे. म्हणजे सकाळी सातला कामाला लागलेल्या ड्रायव्हरचा दिवस रात्री आठला संपतो. दोन साप्ताहिक सुट्ट्यांच्या मध्ये फक्त तीनदा ही विश्रांती 9 तासांवर आणता येते. स्वित्झर्लंडमध्येही जवळजवळ हेच नियम आहेत. "त्याला थोडे जास्त पैसे देऊ या" असं सुचवणारं कुणी ना कुणी असतंच. पैशांनी हे सुटत नाही. त्याचा परवाना पणाला लागतो, आणि थकलेल्या ड्रायव्हरच्या मागे आपण पंचेचाळीसजण बसलेलो असतो.

काही वर्षांपूर्वीचा माझा ग्रुप. सकाळी साडेसातला हायडेलबर्गच्या बाजूने निघालो. ब्लॅक फॉरेस्टमधलं टिटिझे, मग शाफहाउझेनचा ऱ्हाइन धबधबा आणि संध्याकाळी ल्युसर्नमध्ये दीड तासाची पायी फेरी. ग्रुपमध्ये साताऱ्याकडच्या एक आजी होत्या. त्यांच्या स्वयंपाकघरात एका जुन्या कॅलेंडरचं पान लावलेलं होतं, ल्युसर्नचा लाकडी पूल आणि त्याच्या शेजारचा आठकोनी दगडी मनोरा. कॅलेंडरचं वर्ष कधीच सरलं होतं, पण पान त्यांनी काढलं नव्हतं. मुंबईच्या विमानतळावर त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला होता, "बाई, तो पूल कितव्या दिवशी?"

टिटिझेला सगळ्यांना एकची वेळ दिली होती. एकला बसमध्ये चौतीसजण. बाकीचे कक्कू घड्याळांच्या दुकानात. मी पळत गेले. "अगं पाचच मिनिटं, पॅकिंग चाललंय." पॅकिंग झालं, मग टॅक्स रिफंडचा, म्हणजे खरेदीवरचा कर परत मिळवायचा फॉर्म, मग एका काकांना आठवलं की ते स्वच्छतागृहात गेलेच नाहीत. बस हलली तेव्हा दोनला दहा कमी होते. धबधब्यावर बोटीचे फोटो काढताना आणखी पंचवीस मिनिटं गेली. झुरिकच्या बाहेर पोचलो तेव्हा ऑफिसं सुटलेली आणि रस्ता तुंबलेला.

ल्युसर्नला पोचायला सात वाजले. ड्रायव्हरने टॅकोग्राफकडे बोट दाखवलं. नऊ तासांच्या विश्रांतीच्या तिन्ही सवलती आधीच वापरून झाल्या होत्या, जेवण व्हायचं होतं आणि हॉटेल शहराबाहेर. पायी फेरी रद्द करावी लागली. बस तळ्याच्या तोंडावरच्या मोठ्या पुलावर सिग्नलला थांबली, तेवढा वेळ शेजारी तो लाकडी पूल दिसत होता. चौदाव्या शतकातला, 1993 च्या आगीत बराचसा जळलेला आणि पुढच्याच वर्षी पुन्हा उभा केलेला. कठड्यांवर फुलांच्या कुंड्या होत्या. आजींनी काचेला तळहात लावला होता. सिग्नल सुटला, बस निघाली. त्या काही बोलल्या नाहीत. रात्री जेवताना त्यांनी ताट तसंच बाजूला सारलं. घड्याळवाली ताई पलीकडच्याच टेबलावर होती. मनाने चांगली बाई. आपल्या पॅकिंगचा आणि या ताटाचा काही संबंध आहे, हे तिच्या गावीही नव्हतं.

तेव्हापासून मी प्रत्येक थांब्यावर एक क्रम सांगते: आधी स्वच्छतागृह, मग जागा पाहणं, मग फोटो, उरलेल्या वेळात खरेदी. लोक बरोबर उलट करतात. स्वच्छतागृहासाठी बऱ्याच ठिकाणी एक-दोन युरो द्यावे लागतात, म्हणून खिशात सुटी नाणी ठेवा. बसमधून उतरताना बसच्या नंबर प्लेटचा आणि पार्किंगच्या खुणेचा फोटो घ्या, कारण सगळ्या पांढऱ्या बस सारख्याच दिसतात. मनगटावर साधं घड्याळ घाला आणि विमानातच ते तिकडच्या वेळेवर लावा. उन्हाळ्यात आपण मध्य युरोपच्या साडेतीन तास पुढे असतो. नुसत्या उजेडावर तर अजिबात विसंबू नका. जूनमध्ये रात्री साडेनऊलाही उजेड असतो आणि माणसाला वाटतं अजून संध्याकाळच आहे.

पासपोर्ट पर्समध्ये

रस्त्यातले चोर सगळ्यांना माहीत असतात. आयफेल टॉवरखाली, पॅरिसच्या मेट्रोत, रोमच्या बसमध्ये लोक पर्स घट्ट धरून चालतात. हॉटेलच्या नाश्त्याला मात्र बिनधास्त असतात, आणि चोरी तिथेच होते.

पॅरिसच्या बाहेरचं हॉटेल, सकाळचे सात. माझ्या ग्रुपमधल्या एका काकूंनी नवी चामड्याची पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवली आणि ऑम्लेट आणायला गेल्या. काका फळं आणायला. आल्या तेव्हा खुर्ची होती, पर्स नव्हती. नीटनेटके कपडे घातलेला, हातात कॉफीचा कप घेतलेला एक माणूस तिथे फिरत होता, असं नंतर तिघांनी सांगितलं. तो पाहुणाच आहे असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

पर्समध्ये दोघांचेही पासपोर्ट. पुढचं ऐका, कारण हे कुणी आधी सांगत नाही. पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. ऐन प्रवासात तिथून साधारणपणे इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, आणि ते फक्त भारतात परतण्यासाठी चालतं. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, पासपोर्टबरोबरच गेलेला असतो. त्या दोघांची सहल चौथ्या दिवशी संपली. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, इटली, सगळं राहिलं. ग्रुप पुढे न्यायचा असल्याने मला त्यांच्याबरोबर थांबता आलं नाही; पॅरिसमधल्या आमच्या माणसाने त्यांची व्यवस्था पाहिली. बस निघाली तेव्हा काकू हॉटेलच्या दारात उभ्या राहून हात हलवत होत्या. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

माझा स्वतःचा पासपोर्ट आईने शिवलेल्या सुती पिशवीत असतो, लांब नाडा, गळ्यात, कुडत्याच्या आत. चौदा वर्षांत दोन पिशव्या झिजल्या. विकतच्या भारी पाउचपेक्षा मला हीच बरी वाटते, घामाने चिकटत नाही. साडी नेसणाऱ्या काकूंना मी कमरेला आतून बांधायला सांगते. नवरा-बायकोंनी आपापला पासपोर्ट आपल्याजवळ ठेवावा, दोन्ही एका जागी नकोत. पासपोर्ट आणि व्हिसाच्या झेरॉक्स दुसऱ्या बॅगेत, सोबत 35 बाय 45 मिलिमीटरचे दोन जादा फोटो. फोनमध्ये फोटो आहे म्हणून निश्चिंत राहू नका, फोनही त्याच पर्समधून जातो. हॉटेलच्या खोलीतली तिजोरी मला पसंत नाही. आपण रोज नवं हॉटेल सोडतो आणि तिजोरीतला पासपोर्ट दोनशे किलोमीटरवर आठवतो.

कार्यक्रमपत्रिका न वाचणं

"दर्शन", "बाहेरून पाहणे", "फोटो स्टॉप" आणि "प्रवेशासह" या चार शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बुकिंगच्या आधी पेन घेऊन बसा आणि "प्रवेशासह" जिथे लिहिलंय तेवढ्यावरच खूण करा. तुम्हाला हवं ते त्यात नसेल तर तेव्हाच विचारा. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतात. तुमचा तिथला वार कोणता, हे पाहायला एक मिनिट लागतं.

बारा दिवसांत दहा देश दाखवणाऱ्या सहली मला मनापासून आवडत नाहीत. तरी पहिल्यांदा जाणारे त्याच मागतात, "एकदाच जातोय तर सगळं उरकून टाकू." मग दिवसाचे सात-आठ तास बसमध्ये जातात आणि परतल्यावर कुठला चौक कुठल्या गावातला ते आठवत नाही. चार देश घ्या, दोन ठिकाणी तरी सलग दोन रात्री मुक्काम असलेली सहल घ्या. आणि व्हिडिओ पाहून "सगळं माहीत आहे" म्हणत प्रस्थानाच्या आधीची बैठक टाळू नका. पुढे अडचणीत सापडणाऱ्यांत या बैठकीला न आलेले जास्त असतात.

थोडक्यात आणखी काही

बाथरूम. तिकडे टबाच्या किंवा शॉवरच्या बाहेरच्या जमिनीला बहुतेक ठिकाणी पाणी जायला वाटच नसते. बाहेर मगाने अंघोळ केली की पाणी गालिच्यात, नाहीतर खालच्या खोलीच्या छतात जातं आणि नुकसानभरपाई मागितली जाते. पडदा टबाच्या आत सोडा आणि आतच अंघोळ करा.

खोलीत खिचडी शिजवू नका. वाफेने किंवा फोडणीच्या धुराने अलार्म वाजला की अख्खं हॉटेल रात्री रस्त्यावर येतं.

साजूक तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या घरीच ठेवा. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना नेता येत नाहीत. मेथीचे खाखरे, तेलावरचा चिवडा, शेंगदाण्याची कोरडी चटणी न्या. लोणच्याची बाटली केबिन बॅगेत घातलीत तर 100 मिलीलिटरच्या नियमात ती विमानतळावरच राहते. पॉवर बँकेचं उलटं आहे, ती केबिन बॅगेतच हवी.

बूट सहलीसाठी नवे घेतलेत तर ते आत्ताच घालायला लागा. दोन महिने रोज पाऊण तास चाला, तेही चढ-उतारावर. फ्लॉरेन्ससारख्या शहरांत बस जुन्या भागात जाऊ शकत नाही, आणि जुने रस्ते दगडी, खडबडीत असतात. पहिल्याच दिवशी टाचेला फोड आला की उरलेले दिवस माणूस बसमध्येच बसून काढतो.

स्वित्झर्लंडमधल्या बर्फाळ डोंगरांवरच्या युंगफ्राउयोखला, 3,454 मीटरवर, बाहेर पडल्या पडल्या बर्फाकडे धावू नका. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश असतो. पहिली दहा मिनिटं बसा, पाणी प्या, मग हळू चाला. हृदयाचा त्रास असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून या.

विमा. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतंच, पण विमा काढताना रक्तदाब, मधुमेह, जुनी अँजिओप्लास्टी लपवली तर ऐन वेळी दावा नाकारला जाऊ शकतो. हप्ता वाढेल, वाढू द्या. औषधं हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात, आणि डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासह, कारण आपले ब्रँड तिकडे मिळत नाहीत.

बसमध्ये पुढच्या सीटवर रुमाल टाकून जागा धरू नका. मी रोज जागा बदलायला लावते, त्यावर माझ्याकडे तडजोड नाही.

शेवटचं, टॅक्स रिफंडचं. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही. पॅरिसला किंवा इटलीत पर्स घेतलीत आणि परतीचं विमान झुरिकचं असेल, तर त्या पावतीवरचा कस्टम्सचा शिक्का युनियनमधून बाहेर पडतानाच, म्हणजे स्वित्झर्लंडच्या सीमेवर घ्यावा लागतो. झुरिकच्या विमानतळावर तो मिळत नाही. वस्तू दाखवावी लागू शकते, म्हणून ती बसच्या पोटात मोठ्या बॅगेत टाकू नका. पावती आणि वस्तू एका पिशवीत घालून सीटपाशी ठेवा, आणि आदल्या रात्रीच मला सांगा, म्हणजे सीमेवर थांबायची वेळ मी सकाळच्या हिशेबात धरीन.