पाळणाघरात नवीन लागताय? आधी आठव्या महिन्याचं समजून घ्या

बडोद्यात पाळणाघरात कामाला लागताय किंवा एम एस युनिव्हर्सिटीतून ह्युमन डेव्हलपमेंट करून इंटर्नशिपला येताय, तर आधीच सांगते, सहा महिन्यांचं बाळ पटकन कडेवर आलं म्हणून हुरळून जाऊ नका. २०१७ पासून मॅटर्निटी लीव्ह २६ आठवड्यांची झाली, त्यामुळे नोकरीवाल्या आयांची बरीच बाळं सहाव्या महिन्याच्या आसपासच आपल्याकडे येतात, मस्त रुळतात, आणि आठव्या-नवव्या महिन्यात एकदम दारातच भोकाड! आईला वाटतं इथेच काहीतरी झालं, कोणी ओरडलं का म्हणून तोंडावर विचारतात पण. चिडायचं नाही. त्या वयात बाळाला कळायला लागतं की आई दिसत नसली तरी कुठेतरी आहे, पण परत कधी येणार ते कळत नाही, मग रडणारच ना. बालमानसशास्त्रज्ञ पियाजेचं ऑब्जेक्ट परमनन्स तुम्ही परीक्षेत लिहिलं असेल, ते हेच.

हे दीड वर्षापर्यंत, कुणाचं दोनपर्यंत, कमीजास्त चालतं.

सकाळी बाळाला आईच्या हातातून ओढून घेऊ नका. खाली बसा, थोडं तिरकं, डोळ्यात डोळे घालून बघायचं नाही, आधी आईशीच दोन मिनिटं बोला, बाळ तुमच्याकडे बघत असतं, त्याचं त्याला ठरवू द्या. आणि आईने गुपचूप सटकायचं नाही, हे मात्र ठणकावून सांगा, एक पापी, टाटा, "येते हं" आणि निघायचं, दारात रेंगाळली की दोघांचे हाल. शक्यतो रोज एकाच ताईने बाळ घ्यावं. दिवसभरात बुवा-कुक खूप खेळा, गेलेला चेहरा परत येतो याची प्रॅक्टिस होते.

आवाजाची भीती वेगळी. मिक्सर, कुकरची शिट्टी, व्हॅक्युम. बंद मिक्सरला हात लावू द्या, मग दुसऱ्या खोलीतून आवाज, मग जरा जवळून, आणि घाबरलं की उचलायचंच, त्याने बाळ लाडावत नाही. "झोप नाहीतर बागुलबुवा येईल" हे आपल्याकडे बंद म्हणजे बंद. आज्जी मीठ-मोहऱ्या ओवाळते म्हणाल्या तर ओवाळू देत, वाद कशाला. पण ताप असेल, दूध सोडलं असेल, कडेवर घेऊनही रडणं थांबत नसेल तर भीती भीती करत बसू नका, आईला फोन करा आणि डॉक्टरला दाखवायला सांगा.

आणि उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत! १४-१५ जानेवारीला गच्च्यांवर स्पीकर, पिपुड्या, रात्री फटाके. बाळाला स्पीकरपासून लांब ठेवा असं आईबाबांना आधीच सांगून ठेवा, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी कामावर जरा लवकर या, रुळलेली बाळंसुद्धा त्या दिवशी नव्याने रडतात.