पीव्हीए-झिंक ऑक्साइडची फिल्म: ओतण्यापासून आलेखापर्यंत

एमएस्सीच्या प्रोजेक्टची मुलं आलेख घेऊन येतात, तेव्हा मी आधी फिल्म मागते, म्हणजे झिंक ऑक्साइडचे नॅनोकण मिसळलेला पीव्हीएचा (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल या पाण्यात विरघळणाऱ्या प्लास्टिकचा) पातळ पापुद्रा. उजेडासमोर धरली की निम्मं तिथेच कळतं. पांढरे ठिपके दिसले तर नॅनोकणांचे गोळे झालेत. ती मोजण्यात वेळ घालवू नका.

पाणी 40 मिली, पीव्हीए 2 ग्रॅम. त्यातलं 10 मिली पाणी झिंक ऑक्साइडसाठी बाजूला ठेवा. पीव्हीएची पावडर गार पाण्यात, स्टरर चालू ठेवून, चिमूट-चिमूट भुरभुरायची आणि मग तापमान 85-90 अंशांवर न्यायचं. थेट गरम पाण्यात टाकली की बेसनासारख्या गुठळ्या होतात, वरून चिकट आणि आत कोरड्या. त्या मोडण्यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे. द्रावण निवलं की 40 मिलिग्रॅम झिंक ऑक्साइड बाजूला ठेवलेल्या पाण्यात सोनिकेट करून (ध्वनिलहरींनी गोळे फोडून) त्यात मिसळा. नुसत्या पीव्हीएची फिल्मही त्याच दिवशी करा. ती नसेल तर तुलना कशाशी करणार?

9 सेंमीच्या पेट्री डिशमध्ये 10 मिलीच ओता. सुकल्यावर जाडी साधारण 0.06 मिमी भरते. जास्त ओतलं तर 370 नॅनोमीटरच्या खाली फिल्म इतकं शोषते की यंत्र नुसता गोंधळ छापतं. डिश लेव्हल लावून सपाट ठेवा, वर फिल्टर पेपर, ओव्हन 40 अंशांवर. आमच्या रत्नागिरीत जुलैमध्ये उघड्यावर सुकवायचा नादच सोडा. सोललेली फिल्मही सिलिका जेलसोबत डेसिकेटरमध्येच, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात, ठेवा.

यूव्ही-व्हिजिबलला, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या यंत्राला, संदर्भ म्हणून नुसत्या पीव्हीएची फिल्म लावा. शोषणाची कडा, म्हणजे जिथे शोषण एकदम चढतं ती तरंगलांबी, 370 नॅनोमीटरला आली तर बँड गॅप (इलेक्ट्रॉनला मोकळं व्हायला लागणारी किमान ऊर्जा) 1240 भागिले 370, म्हणजे 3.35 इलेक्ट्रॉन व्होल्ट. हा झाला अंदाज. नेमक्या बँड गॅपसाठी टाउकचा आलेख काढा: शोषणावरून काढलेल्या वक्राचा सरळ भाग ऊर्जेच्या अक्षापर्यंत वाढवायचा, तो छेदतो तिथे बँड गॅप. जाडीसाठी चार तुकडे एकावर एक ठेवून स्क्रू गेजने मोजा आणि चाराने भागा. जाडी थोडी चुकली तर शोषण गुणांक चुकतो, बँड गॅप मात्र हलत नाही, कारण रेषा अक्षाला त्याच जागी छेदते. बँड गॅप बिघडवते ती धूसर फिल्म. विखुरलेला प्रकाशही यंत्र शोषणातच धरतं.

एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिक तपासतात त्या आलेखात) 19.5 अंशांजवळचा पसरट उंचवटा पीव्हीएचा, 31.7, 34.4 आणि 36.2 ही झिंक ऑक्साइडची शिखरं. शिखराच्या रुंदीवरून स्फटिकाचा आकार देणाऱ्या शेररच्या सूत्रात दरवर्षी कुणीतरी रुंदी अंशांतच घालतं. तांब्याच्या क्ष-किरणांच्या 0.15406 नॅनोमीटर तरंगलांबीला, 36.2 च्या शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी 0.40 अंश असेल, तर रेडियनमध्ये ती 0.00698. कोसाइन 18.1 अंशांचा घ्या, 36.2 चा नाही, कारण आलेखावर कोनाची दुप्पट असते. उत्तर सुमारे 21 नॅनोमीटर. रुंदी अंशांतच ठेवली तर 0.36 नॅनोमीटर येतं. झिंक ऑक्साइडच्या एकक पेशीची, म्हणजे स्फटिक ज्या विटांनी रचला जातो त्यातल्या एका विटेची, उंचीच 0.52 नॅनोमीटर आहे. म्हणजे स्फटिक आपल्या विटेपेक्षा लहान निघाला, आणि तो आकडा दोन दशांशांसकट रिपोर्टात छापून येतो.