थंड पाण्यातील दुर्गम रीफवर सर्फिंग: अनुभवी सर्फरांसाठी मार्गदर्शन

ज्यांनी डोक्याहून उंच लाटांवर खडकाळ तळाच्या ठिकाणी, म्हणजे रीफवर, पुरेसे सर्फिंग केले आहे, लीश (बोर्ड पायाला बांधणारी दोरी) तुटल्यास बोर्डाशिवाय अर्धा किलोमीटर पोहून किनारा गाठता येईल अशी ज्यांना खात्री आहे आणि लाटेखाली दाबले गेल्यावरही ज्यांचे डोके शांत राहते, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. उबदार पाण्यात रीफचा अनुभव असलेला सर्फर थंड प्रदेशात पहिल्यांदा जातो, तेव्हा त्याला लाट ओळखीची वाटते, पण चूक सावरण्यासाठी मिळणारा वेळ फार कमी असतो. बोटे लवकर बधिर होतात, विचार मंदावतात आणि मदत तासाभराच्या किंवा त्याहून अधिक अंतरावर असते. म्हणून अशा ठिकाणचे सगळे महत्त्वाचे निर्णय, म्हणजे आत कुठून जायचे, बाहेर कुठून यायचे, किती वेळ थांबायचे आणि काय घडले की परत फिरायचे, हे अंग कोरडे आणि गरम असताना किनाऱ्यावरच ठरवून टाकावेत आणि पाण्यात गेल्यावर ते बदलू नयेत. बदलायचेच झाले, तर फक्त लवकर बाहेर येण्याच्या बाजूने बदलावेत.

अंदाज वाचणे

लाटांच्या अंदाजात बहुतेकांचे लक्ष आधी उंचीकडे जाते, पण रीफच्या बाबतीत दोन लाटांमधील सेकंदांचे अंतर, म्हणजे पिरियड, अधिक बोलका असतो. खोल पाण्यात ९ सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे १२६ मीटर असते, तर १६ सेकंदांच्या लाटेची सुमारे ४०० मीटर. लाट आपल्या लांबीच्या निम्म्या खोलीपासून तळ जाणवू लागते, म्हणजे पहिली साधारण ६३ मीटर खोलीवर आणि दुसरी थेट २०० मीटर खोलीवर. त्यामुळे लांब पिरियडची लाट समुद्रतळाच्या उंचसखलपणानुसार फार आधीपासून वळत येते, रीफवर एकवटते आणि अंदाजात दिसलेल्या उंचीच्या मानाने कितीतरी जोरकस फुटते. २ मीटर उंची आणि ९ सेकंद, तसेच २ मीटर उंची आणि १६ सेकंद, हे दोन पूर्णपणे वेगळे दिवस आहेत.

अंदाजातील उंची ही सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते, हेही विसरू नये. तीन-चार तासांच्या काळात एखादी लाट त्या आकड्याच्या दुपटीच्या जवळपास येणे हे समुद्राचे नेहमीचे वागणे आहे. आपली क्षमता ठरवताना त्या एका लाटेचा विचार करावा, कारण ती येईल तेव्हा आपण नेमके चुकीच्या जागी असू शकतो.

वाऱ्याबाबत किनाऱ्यावरून समुद्राकडे वाहणारा वारा सर्वांनाच हवा असतो, कारण तो लाटेचा पृष्ठभाग गुळगुळीत ठेवतो. थंड प्रदेशात मात्र त्याच वाऱ्याला दुसरी बाजूही आहे. तो ओला चेहरा आणि वेटसूट (थंडीपासून बचाव करणारा रबरी पोशाख) झपाट्याने गार करतो, टेक-ऑफच्या, म्हणजे लाट पकडून उभे राहण्याच्या, क्षणी डोळ्यांत तुषार उडवतो आणि बोर्ड हातचा गेला की त्याला समुद्राकडे ढकलतो. वारा फार जोराचा असेल, तर सुंदर दिसणारी लाटही सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

भरती-ओहोटीचा हिशेब वालुकामय किनाऱ्यापेक्षा येथे अधिक काटेकोर ठेवावा लागतो. लाट साधारणपणे आपल्या उंचीच्या १.३ पट खोलीवर फुटते, पण तीव्र उताराच्या रीफवर ती त्याहून उथळ पाण्यात फुटते आणि फुटताना समोरचे पाणीही ओढून घेते. पाण्याची पातळी अर्ध्या मीटरने बदलली, तरी खेळण्याजोग्या लाटेची उघड्या खडकावर कोसळणारी लाट होऊ शकते. भरतीच्या सहा तासांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून एकूण फरकाच्या निम्मे पाणी चढते. उधाणाच्या दिवशी हा फरक ४ मीटर असेल, तर त्या दोन तासांत पातळी दर तासाला सुमारे १ मीटरने बदलते. याच्या जोडीला हवेचा दाबही पाहावा. दाब १ हेक्टोपास्कलने घटला की समुद्रपातळी साधारण १ सेंटीमीटरने चढते. ९७५ हेक्टोपास्कलचा कमी दाबाचा पट्टा डोक्यावर असेल, तर रीफवर भरती-ओहोटीच्या तक्त्यापेक्षा हातभर अधिक पाणी सापडेल. उलट, वादळ दूर गेले असेल आणि आपल्या ठिकाणी दाब जास्त असेल, तर तक्त्यात दिलेल्यापेक्षा पाणी कमी असेल. नेमक्या अशाच स्वच्छ, शांत दिवशी दूरच्या वादळाचा उत्तम स्वेल, म्हणजे लांबून आलेल्या लाटांची मालिका, येतो, म्हणून हा बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

किनाऱ्यावरून पाहणे

पोहोचताच सूट चढवण्याची घाई करू नये. लांब पिरियडच्या स्वेलमध्ये दोन सेटमध्ये, म्हणजे मोठ्या लाटांच्या दोन गटांमध्ये, पंधरा-वीस मिनिटांची शांतता असू शकते, आणि त्या शांततेत पाहिलेली रीफ निरुपद्रवी दिसते. म्हणून किमान तासभर, शक्यतो उंचावरून, पाहत बसावे. सेटमध्ये किती लाटा येतात, सर्वांत मोठी लाट कुठे फुटते, फुटल्यावर पाणी कोणत्या बाजूने परत जाते, पृष्ठभागावर कुठे उकळल्यासारखी खळबळ दिसते, हे टिपून घ्यावे. अशी खळबळ एकाच जागी पुन:पुन्हा दिसली, तर तिच्याखाली वर आलेला खडक आहे असे समजावे. शक्य असल्यास आदल्या दिवशीच्या ओहोटीला रीफ उघडी पडलेली पाहावी आणि तिची छायाचित्रे काढून ठेवावीत; भेगा, कपारी, दांडगे समुद्रशैवाल, लीश अडकू शकेल असे सुळके या गोष्टी त्या वेळीच कळतात.

प्रत्येक रीफचा स्वभाव तळाच्या खडकावर ठरतो. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला असलेल्या थर्सो ईस्ट येथे तळ फरशीसारख्या सपाट दगडी थरांचा आहे, त्यामुळे उजवीकडे फुटणारी लाट लांब आणि बऱ्यापैकी एकसारखी असते; शेजारी समुद्राला मिळणाऱ्या थर्सो नदीच्या प्रवाहाचा आधार घेऊन सर्फर बाहेर जातात. टास्मानियातील शिपस्टर्न ब्लफची रीफ याच्या अगदी उलट, वेडीवाकडी आहे. तिथे लाटेच्या भिंतीवर मध्येच पायऱ्या तयार होतात, आणि जमिनीवरून जाण्यासाठी सुमारे दोन तासांची पायपीट करावी लागते. पहिल्या ठिकाणी कमावलेला आत्मविश्वास दुसऱ्या ठिकाणी उपयोगी पडेलच, असे नाही.

आत जाण्याची जागा बहुतेकांना सहज सापडते. बाहेर येण्याची जागा मात्र आधी निश्चित करावी, आणि ती एक नव्हे तर दोन असाव्यात: पहिली, बोर्डासह सुस्थितीत परतताना वापरायची, आणि दुसरी, बोर्ड गमावल्यावर किंवा दमल्यावर प्रवाह आपल्याला जिकडे नेईल तिकडची. चढत्या पाण्यात सकाळी दिसलेला खडकांचा कट्टा दोन तासांनी लाटांखाली जातो. उतरत्या पाण्यात सोपी वाट निसरड्या शैवालाची होते. त्यामुळे बाहेर येण्याच्या वेळी पाणी किती असेल, हे डोळ्यांसमोर आणून मगच जागा निवडावी. त्याच वेळी किनाऱ्यावरील दोन स्थिर खुणा, उदाहरणार्थ पुढचा मोठा दगड आणि मागचे शिखर, एका रेषेत धराव्यात आणि दुसऱ्या दिशेला अशीच एक जोडी शोधावी. या दोन रेषांच्या छेदावर आपली टेक-ऑफची जागा येते, आणि प्रवाहाने सरकलो की ते लगेच कळते.

थंडी शरीराचे काय करते

कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी अतिथंड पाण्यात पडलेल्या माणसासाठी १-१०-१ हे सूत्र लोकांपर्यंत पोहोचवले: श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात अशी सुमारे १० मिनिटे आणि थंडीने शुद्ध हरपेपर्यंत सुमारे १ तास. चांगला वेटसूट या मुदती पुष्कळ लांबवतो, पण त्यांचा क्रम बदलत नाही. पहिल्या डक-डाइव्हला, म्हणजे बोर्डासह लाटेखालून जाताना, चेहऱ्यावर गार पाणी आदळते, तेव्हा श्वास आपोआप आत ओढला जातो, आणि श्वास रोखून धरण्याची क्षमता उबदार पाण्यातल्या क्षमतेच्या मानाने बरीच घटते. म्हणून आत जाण्यापूर्वी चेहऱ्यावर आणि मानेवर समुद्राचे पाणी घ्यावे, उथळ व सुरक्षित जागी काही मिनिटे थांबून श्वास संथ होऊ द्यावा आणि मगच फुटणाऱ्या लाटांकडे वल्हवत जावे. तलावात तीन मिनिटे श्वास रोखता येतो म्हणून येथेही तेवढा वेळ मिळेल, असे मानणे धोक्याचे आहे.

यानंतर हळूहळू हातांची ताकद जाते. बोटे पसरू लागतात व पूर्वीसारखी जुळत नाहीत, वल्हवण्यात जोर राहत नाही आणि उठून उभे राहण्याची क्रिया क्षणभर मागे पडते. तीव्र लाटेवर तो एक क्षणच टेक-ऑफ बिघडवतो. बोटे जुळेनाशी झाली, हे बाहेर येण्याचे कारण म्हणून पुरेसे आहे; 'आणखी एक लाट' घेण्यासाठी थांबू नये. सोबत्याचे बोलणे अडखळू लागले, तो अकारण चिडू लागला किंवा त्याची थरथर थांबूनही तो गरम झालेला दिसत नसेल, तर त्याला विचारत बसू नये, घेऊन बाहेर यावे. थंडीने बिघडलेल्या माणसाला आपण बिघडलो आहोत हे बहुधा कळत नाही.

साधने

पाणी १० अंशांच्या आसपास असेल, तर डोक्याला जोडलेले हूड असलेला ५/४ मिलिमीटरचा (धडाला ५, हातापायांना ४ जाडीचा) सूट, ५ मिलिमीटरचे बूट आणि ३ मिलिमीटरचे हातमोजे हा सर्वसाधारण संच चालतो. ६-७ अंशांवर, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावर हिवाळा संपता संपता असते त्या तापमानात, ६/५ चा सूट, ७ मिलिमीटरचे बूट आणि ५ मिलिमीटरचे हातमोजे घ्यावेत. जाडीपेक्षाही सूट अंगाला घट्ट बसणे महत्त्वाचे आहे; मानेतून किंवा कमरेशी पाणी खेळत राहिले, तर महागडा सूटही निरुपयोगी ठरतो. या सगळ्याचे वजन अंगावर येते आणि खांद्यांची हालचाल जड होते, म्हणून नेहमीपेक्षा दोन ते चार लिटर अधिक आकारमानाचा बोर्ड घ्यावा. बोर्डावर लावायचे मेण थंड पाण्यासाठीचेच, मऊ प्रतीचे हवे.

लीश नवीन असावी आणि तिचा झटपट सोडण्याचा पट्टा जाड हातमोज्यांनी, डोळे मिटून, वाकून ओढण्याचा सराव जमिनीवर करून ठेवावा. रीफच्या कपारीत लीश अडकली, तर वाचण्याचा मार्ग तोच आहे. आघातापासून बचाव करणारे जाकीट बरगड्या वाचवते, पण ते जीवरक्षक जाकीट नव्हे. फुगणारे जाकीट वापरायचे असेल, तर ते कधी ओढायचे, हेही सरावाने पक्के केलेले असावे. कानांत प्लग घालावेत, कारण गार पाणी आणि वारा यांमुळे वर्षानुवर्षांत कानाच्या नळीत हाड वाढते व ती अरुंद होते.

मोबाइलचे जाळे नसेल, असे धरूनच निघावे. ४०६ मेगाहर्ट्झवर चालणारा, आपल्या नावे नोंदवलेला व्यक्तिगत आपत्कालीन बीकन सोबत असावा. त्याचा संदेश कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय उपग्रह यंत्रणेमार्फत बचावकेंद्राला मिळतो. त्याच्या अँटेनाला मात्र पाण्याबाहेर मोकळे आकाश लागते. याशिवाय कुठे जात आहोत, किती वाजेपर्यंत परतू आणि त्यानंतर किती वेळाने बचावदलाला कळवायचे, हे लिहून एका जबाबदार व्यक्तीकडे द्यावे. एकट्याने जाऊ नये. तिघे असतील तर एकाने आळीपाळीने कोरडे राहून किनाऱ्यावरून लक्ष ठेवणे, ही मला सर्वांत भरवशाची व्यवस्था वाटते.

लाटेवर आणि लाटेखाली

लाइनअपला, म्हणजे सर्फर लाटांची वाट पाहत थांबतात त्या जागी, पोहोचल्यावर पहिल्या सेटमध्ये काहीच घेऊ नये. चॅनेलच्या (लाटा न फुटणाऱ्या खोल पट्ट्याच्या) कडेला बसून आपल्या खुणा तपासाव्यात. पुढे लाट निवडताना सेटची पहिली लाट शक्यतो सोडावी, कारण पडलो तर उरलेल्या सगळ्या डोक्यावर येतात. अर्धवट मनाने टेक-ऑफ करणे हा रीफवरील सर्वांत वाईट पर्याय आहे: वल्हवायला लागलो की पूर्ण जावे, नाहीतर वेळेत मागे हटावे. स्थानिक सर्फर असतील तर त्यांचा क्रम मोडू नये. त्यांनी एखादा दिवस योग्य नाही असे सांगितले, तर ते मान्य करावे.

पडताना डोके खाली करून कधीही उडी मारू नये. पाठीवर किंवा कुशीवर, अंग शक्य तितके पसरून, पृष्ठभागालगत राहील असे पडावे आणि पाण्याखाली जाताच दोन्ही हातांनी डोके व मान झाकावी. पायांनी तळ शोधू नये, कारण पाऊल भेगेत अडकू शकते. वर येताना एक हात डोक्यावर धरावा. तिथे बोर्ड किंवा खडक असू शकतो. आतल्या बाजूला उथळ पाण्यात सापडलो, तर उभे राहण्याऐवजी बोर्डावर पालथे पडून फेसाबरोबर चॅनेलकडे सरकावे.

बाहेर आल्यानंतर

शरीराच्या आतले तापमान पाण्याबाहेर आल्यावरही काही काळ घटत राहते. म्हणून वाऱ्याच्या आडोशाला लगेच ओले कपडे काढून कोरडे कपडे, टोपी आणि जाड जाकीट घालावे, गोड व गरम पेय घ्यावे आणि थरथर पूर्ण थांबेपर्यंत गाडी चालवू नये. कोणी खूपच गार पडला असेल, तर त्याला आडवे ठेवावे, चालवू नये, हातपाय चोळू नयेत आणि मद्य अजिबात देऊ नये. आधी शरीराचे धड, म्हणजे छाती-पोटाचा भाग, गरम करावे. तो पूर्ण शुद्धीत असेल आणि नीट गिळू शकत असेल, तरच पेय द्यावे. मानेला मार लागल्याची शंका असल्यास डोके, मान आणि पाठ एका रेषेत धरून मदत येईपर्यंत हालचाल टाळावी.

थंडीत जखमा दुखत नाहीत, म्हणून कपडे बदलताना सोबत्याने पाठ, पोटऱ्या आणि डोक्याची मागची बाजू पाहून घ्यावी. खडकाने कापलेले भरपूर स्वच्छ पिण्याच्या पाण्याने धुवावे, आतील कण काढावेत आणि मळकी जखम चिकटपट्टीने बंद करू नये. धनुर्वाताची लस निघण्यापूर्वीच घेतलेली असावी. शेवटी, ज्या व्यक्तीकडे परतीची वेळ लिहून दिली होती, तिला आपण सुखरूप बाहेर आल्याचे कळवावे, म्हणजे बचावदलाला विनाकारण निघावे लागणार नाही.