फायटर माशासाठी टाकी कशी तयार करावी

बेटा, म्हणजे आपल्याकडे ज्याला फायटर म्हणतात तो मासा, हवेतून श्वास घेतो, म्हणून त्याला फिल्टर लागत नाही आणि तो काचेच्या छोट्या बाउलमध्येही सुखाने राहतो, असे अ‍ॅक्वेरियमच्या दुकानांत आजही सर्रास सांगितले जाते. यातले पहिले विधान तेवढे खरे आहे. कल्ल्यांच्या वर असलेल्या एका खास अवयवामुळे हा मासा पृष्ठभागावर येऊन हवा घेऊ शकतो आणि प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तग धरतो. परंतु त्याचे कल्ले सतत पाण्यातच असतात, आणि त्याच्या शरीरातून बाहेर पडणारा व उरलेले अन्न कुजून तयार होणारा अमोनिया त्या कल्ल्यांना इजा करतो. थायलंडमधल्या ज्या भातखाचरांचा दाखला या सल्ल्यासोबत दिला जातो, तिथले पाणी उथळ असले तरी दूरवर पसरलेले आणि वनस्पतींनी भरलेले असते. दोन लिटरच्या बाउलला तो दाखला लागू पडत नाही.

टाकी किमान २० लिटरची, उंचीपेक्षा लांबीला जास्त असलेली घ्यावी. तिला झाकण हवेच, कारण हा मासा उडी मारतो. मात्र पाणी आणि झाकण यांच्यामध्ये चार बोटे हवा राहू द्यावी. एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर बसवून त्याची हवा कमी ठेवावी, कारण लांब परांच्या नराला जोराचा प्रवाह सोसत नाही. पाण्याचे तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस असावे. मुंबई-कोकणात बहुतेक वर्षभर हीटरची गरज पडत नाही. पुणे, नाशिक किंवा विदर्भातल्या हिवाळ्यात तो लागतोच. अनुबियास, जावा फर्न आणि जावा मॉस या वनस्पती साध्या उजेडातही वाढतात. प्लास्टिकची टोकदार झाडे ठेवू नयेत, त्यांनी शेपटी फाटते.

आता मुख्य टप्पा. नळाचे पाणी २४ तास उघडे ठेवले की टाकी तयार झाली, हा समज मोडून काढणे मला सर्वांत आवश्यक वाटते. पाणी तसे ठेवल्याने फार तर क्लोरीन उडून जातो. टाकी तयार होते ती जीवाणूंमुळे. जीवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशाला मारक आहेत. नायट्रेट त्या मानाने बरेच निरुपद्रवी असते आणि पाणी बदलून काढता येते. हे जीवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजमध्ये वस्ती करतात आणि नव्या टाकीत त्यांची पुरेशी वाढ व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. या काळात मासा टाकीत असू नये, याबाबत मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही.

मासा नसताना जीवाणूंना खाद्य म्हणून अमोनिया आपणच पुरवायचा असतो. त्यासाठी माशाच्या खाद्याचे दाणे कुजत टाकण्याचा सल्ला मिळतो, पण त्यातून किती अमोनिया तयार झाला याचा अंदाज लागत नाही. त्याऐवजी प्रयोगशाळेच्या दर्जाची अमोनियम क्लोराइडची पूड आणावी. बाजारात नवसागर म्हणून मिळतो तोही हाच पदार्थ आहे, परंतु त्याच्या शुद्धतेची खात्री नसल्याने तो टाळावा. ५ ग्रॅम पूड पाण्यात विरघळवून एकूण द्रावण २०० मिलिलीटर करावे. त्यातले ५ मिलिलीटर द्रावण २० लिटरच्या टाकीत टाकले की अमोनियाचे प्रमाण सुमारे २ पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत २ भाग) होते. फिल्टर अखंड चालू ठेवावा आणि दर दोन-तीन दिवसांनी थेंबांच्या टेस्ट किटने पाणी तपासावे. कागदी पट्ट्यांवर मी विसंबून राहत नाही. अमोनिया शून्यावर आला की तेवढेच द्रावण पुन्हा टाकावे.

मला सर्वाधिक झगडावे लागले ते यानंतरच्या भागाशी. अमोनिया उतरू लागतो, नायट्राइट मात्र चढतच जाते आणि मग कित्येक दिवस खाली येत नाही. अशा वेळी बरेच जण कंटाळून मासा आणतात, आणि तो मासा नायट्राइटच्या विषबाधेने मरतो. नायट्राइटमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमताच कमी होते. नायट्राइट ५ पीपीएमच्या वर गेले तर अमोनिया टाकणे थांबवावे आणि अर्धे पाणी बदलावे. त्याच वेळी पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल आहे याचे माप, तपासावा, कारण ही प्रक्रिया पाण्याची क्षारता (आम्ल शोषून घेण्याची क्षमता) खर्च करते. धरणाच्या मऊ पाण्यात पीएच ६.५ च्या खाली घसरला की जीवाणूंचे काम फार मंदावते. फिल्टरजवळ स्वच्छ धुतलेले शिंपल्यांचे तुकडे ठेवल्याने पीएच सावरतो. तयार टाकी असलेल्या ओळखीच्या माणसाकडून वापरातल्या स्पंजचा तुकडा मिळाला तर हा सगळा काळ पुष्कळ कमी होतो, मात्र त्या टाकीतले मासे निरोगी असल्याची खात्री करून घ्यावी.

सायंकाळी २ पीपीएम अमोनिया टाकल्यावर दुसऱ्या सायंकाळी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आढळले, म्हणजे टाकी तयार झाली. मग बरेचसे पाणी बदलून मासा आणावा. एका टाकीत नर एकच.

दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. नवे पाणी क्लोरीन काढलेले आणि त्याच तापमानाचे असावे. स्पंज नळाखाली कधीही धुवू नये, कारण क्लोरीनने जीवाणू मरतात आणि सगळी मेहनत वाया जाते. टाकीतूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत तो हलके पिळावा. वीज बराच वेळ जाणार असेल तर बॅटरीवरचा एअर पंप हाताशी ठेवावा, कारण स्पंजमधल्या जीवाणूंनाही प्राणवायू लागतो.

खाद्याचे दाणे दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी दोन-तीनच द्यावेत. शेपटीच्या कडा झिजलेल्या किंवा काळपट दिसल्या तर औषधाच्या बाटलीकडे धावण्याआधी अमोनिया तपासावा, कारण बहुतेक वेळा दोष पाण्यातच निघतो. चार-पाच दिवस गावी जायचे असेल तर निरोगी मोठ्या माशाला उपाशी ठेवलेले चालते; शेजाऱ्यांच्या हाती खाद्याची डबी देऊन जाऊ नये.